मुक्काम कुठं? ॲमस्टरडॅम ते रोम, एका प्रश्नाचा इतिहास

एपिसोड ऐकून झाला असेल तर ही त्याची लिखित आवृत्ती. आणि इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये उभे असाल तर थेट इथूनच सुरुवात करा, काही बिघडत नाही. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्या आहेत.

गेल्या सप्टेंबरात मी आई-बाबांना घेऊन युरोपात गेलो. टूरवाल्यांच्या बसमधून नाही, भाड्याची गाडी घेऊन, स्वतः चालवत. ॲमस्टरडॅमला उतरायचं आणि रोमहून परतीचं विमान धरायचं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं प्लॅनिंग कसं असेल ते विचारू नका. एक्सेल शीट, सात रंग, प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर, तास, पेट्रोल, टोल. दोन महिने ती शीट मी पोसली. मग एका रविवारी कराडला घरी गेलो आणि लॅपटॉप बाबांपुढे ठेवला.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. त्यातली निम्मी तरी पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मुक्कामी गाडी नेण्यात गेली. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गावात जायचं, रात्री तिथेच झोपायचं, पहाटे तीच गाडी परत. त्यांनी चष्मा लावला, शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

"मुक्काम कुठं?"

म्हटलं, "बाबा, हॉटेलं काय, कुठेही मिळतील. आधी रस्ता तर ठरवू."

"उलटं बोलतोयस," ते म्हणाले. "मुक्काम ठरला की रस्ता आपोआप ठरतो."

मला राग आला होता, खरं सांगतो. मी अल्गोरिदम शिकलेला माणूस, आणि हे मला रस्ता शिकवतायत. पण ट्रिपवरून आल्यावर मी युरोपातल्या प्रवासाचा इतिहास वाचायला घेतला, आणि जसजसा मागे जात गेलो तसतसे बाबाच बरोबर ठरत गेले. म्हणून हा एपिसोड.

आपली भाषाच बघा. लांबच्या प्रवासाला आपण 'मजल दरमजल करीत' म्हणतो. मजल हा शब्द अरबी 'मंझिल'वरून आला. मंझिल म्हणजे उतरायची जागा, आणि त्यावरून एका दिवसात कापायचं अंतर. मुक्काम हा शब्दही अरबीतूनच आला. म्हणजे प्रवास मोजायचा तो थांब्यांनी. किलोमीटर फार नंतर आले.

आणि युरोपात जायचं म्हटलं की पहिला धडा व्हिसाचा अर्ज शिकवतो. शेंगेन व्हिसासाठी तुम्ही कुठल्या हायवेने जाणार हे कोणी विचारत नाही. रोज रात्री कुठे झोपणार याचा कागद मात्र लागतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हेसुद्धा त्यावरच ठरतं: ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. माझी सात रंगांची शीट तिथे कुचकामी ठरली. मागितलं होतं ते एक साधं पान: तारीख, गाव, राहण्याचा पत्ता.

आता हजार वर्षं मागे चला. इसवी सन ९९०. इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमला गेला होता. नवीन आर्चबिशपला पोपकडून 'पॅलियम' नावाचा लोकरीचा पट्टा घ्यावा लागे, तो घ्यायला. त्याच्या परतीच्या वाटेची एक यादी टिकून राहिली आहे, आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. रोमपासून समुद्रापर्यंत ८० नावं. ओळीने नंबर टाकलेली. १ रोम. मग सिएना, लुक्का, पियाचेन्झा. आल्प्स ओलांडल्यावर ५४ व्या नंबरवर लोझान. मग बेझाँसों, रीम्स, आणि इंग्लिश खाडीच्या काठावर ८०.

या यादीत रस्ता नाही. नदी कुठे ओलांडली, घाट किती अवघड होता, पाऊस लागला का, यातलं एक अक्षर नाही. फक्त थांबे. दोन थांब्यांमधलं अंतर काढलं तर सरासरी वीस किलोमीटरच्या आसपास येतं. पायी वारी केलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. माणसाचे पाय सगळीकडे सारखेच. पण गंमत अशी, की आज 'व्हिया फ्रांचिजेना' नावाची जी चालण्याची वाट कँटरबरीपासून रोमपर्यंत आखली आहे, ती मुख्यतः याच यादीवरून. रस्ता न सांगणाऱ्या यादीवरून लोकांनी रस्ता परत मिळवला. बाबांचं वाक्य मला पहिल्यांदा इथे आठवलं.

सिगेरिकच्या यादीत थांब्यांना 'सबमान्सिओनेस' म्हटलंय. हा शब्द त्याच्याही आधीचा, रोमन. रोमन साम्राज्यात सरकारी डाक आणि सरकारी माणसं यांच्यासाठी रस्त्यांवर दोन प्रकारच्या जागा असत. 'मुतातिओ' म्हणजे घोडे बदलायची जागा. 'मान्सिओ' म्हणजे रात्री राहायची जागा. फ्रेंचमध्ये घराला 'मेझों' म्हणतात, तो शब्द या मान्सिओचाच नातू. आणि कोणीही उठून तिथे जाऊन झोपू शकत नव्हता बरं का, परवाना लागायचा. व्हिसाची रांग नवीन नाही! इसवी सन ३३३ मध्ये बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या एका यात्रेकरूची नोंद आहे. त्यात प्रत्येक ठिकाणापुढे तो लिहितो की हे शहर, हे मुतातिओ, हे मान्सिओ, आणि मधलं अंतर इतकं. माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. पण तो कुठे कुठे थांबला ते आहे.

रोमन लोकांकडे नकाशे नव्हते का? होते. एका उशिराच्या रोमन नकाशाची मध्ययुगात केलेली नक्कल व्हिएन्नात जपून ठेवली आहे, तिला पॉयटिंगरचा नकाशा म्हणतात. जवळजवळ पावणेसात मीटर लांब आणि उंची मात्र जेमतेम एक वीत-दीड वीत. एवढ्या पट्टीत सगळं जग कोंबायचं म्हणून भूमध्य समुद्र चपटा होऊन ओढ्यासारखा दिसतो. इटली आडवी पडली आहे. नकाशा म्हणून बघाल तर हसाल. पण लोकलच्या डब्यात दारावर जो स्टेशनांचा पट्टा असतो तो आठवा. त्यात तरी कुठे मुंबईचा आकार असतो? पुढचं स्टेशन कुठलं, एवढंच त्याने सांगायचं. हा नकाशाही तेच करतो: ठिकाण, पुढच्या ठिकाणाचं अंतर, आणि काही ठिकाणांवर छोटी चित्रं. दोन मनोऱ्यांचं घर वेगळं, गरम पाण्याच्या झऱ्यांवरची मोठी चौकोनी इमारत वेगळी. आज फोनवर पलंगाचं चिन्ह दिसलं की आपण 'इथे राहता येतं' असं समजतो, तसंच. आणि या पट्टीच्या अगदी उजव्या टोकाला कोण आहे? आपण. केरळच्या किनाऱ्यावरचं मुझिरिस बंदर त्यावर दाखवलेलं आहे.

आता एक लांब उडी मारू, सन १५००. रोममध्ये ज्युबिलीचं वर्ष होतं, म्हणजे यात्रेची मोठी पर्वणी, आपल्याकडच्या कुंभासारखी गर्दी. न्यूरेंबर्गच्या एर्हार्ड एट्झलाउबने त्यासाठी एक नकाशा छापला. जर्मनीतून रोमला जाणाऱ्या वाटा, आणि वाटांवर रेघेऐवजी ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जर्मन मैल, आपले साधारण साडेसात किलोमीटर. ठिपके मोजायचे आणि आज कुठवर पोचू ते ठरवायचं. शिवाय नकाशात दक्षिण वरच्या बाजूला! का, तर यात्रेकरू दक्षिणेकडेच निघालाय. फोनचा नकाशा आपण जाऊ त्या दिशेला फिरतो ना, तीच सोय, फक्त कागदावर.

मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक मात्र १५५२ चं, पॅरिसमध्ये छापलेलं. शार्ल एस्तिएन नावाच्या गृहस्थाने फ्रान्सच्या रस्त्यांचा मार्गदर्शक काढला, खिशात मावेल असा. आता हा काही मोठा फिरस्ता नव्हे. व्यापारी, यात्रेकरू, निरोप्ये यांच्याकडून विचारून विचारून त्याने माहिती जमवली. म्हणजे आपण हॉटेलचे रिव्ह्यू वाचतो तेच. त्यात गावांच्या याद्या, मधली अंतरं, कुठल्या जंगलात लुटारूंची भीती आहे याच्या सूचना. आणि काही गावांपुढे एक अक्षर. एक अक्षर दुपारच्या जेवणाच्या जागेला, एक रात्रीच्या मुक्कामाला. झालं! दिवसाचे दोन भाग पाडले आणि प्रवास बसवला. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "शहाणा होता. जेवणाची जागा आधी धरली."

पुढची दोन-तीनशे वर्षं मी भराभर सांगतो. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली पोरं 'ग्रँड टूर' करायला इटलीपर्यंत जायची. मों सनीच्या घाटाखाली गाडी आली की ती अक्षरशः सुटी करायची, भाग खेचरांवर लादायचे आणि साहेबांना खुर्चीत बसवून हमालांनी घाटापार न्यायचं. १७३९ मध्ये होरेस वॉलपोल असाच निघाला होता. त्याचा लाडका छोटा कुत्रा गाडीबरोबर चालत होता, दिवसाढवळ्या लांडग्याने उचलला. कुत्र्याचं नाव होतं टोरी. नंतर नेपोलियनने आल्प्समध्ये गाडीरस्ते काढले, सिम्प्लोनचा रस्ता १८०५ मध्ये पुरा झाला. मग रेल्वे आली, आणि रस्त्यावरच्या धर्मशाळा आणि खाणावळी ओस पडायला लागल्या.

त्या परत कशा भरल्या? मोटारीमुळे. आणि मोटारीतून पहिला लांबचा प्रवास कोणी केला तर एका बाईने. ऑगस्ट १८८८. बेर्टा बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी काढून मानहाइमहून निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत इंधन संपलं, ते व्हिसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, कारण पेट्रोलपंप नावाची गोष्ट जगात नव्हतीच. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं बसवून घेतलं. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. पण ती चालली कुठे होती? फॉर्ट्सहाइमला, आईकडे. जगातल्या पहिल्या रोड ट्रिपचा मुक्काम माहेरी होता! बुकिंगची काळजीच नाही.

सगळ्यांचं माहेर रस्त्यावर नसतं, इथून पुढची गोष्ट मिशेलिनची. आज हे नाव ऐकलं की महागडी रेस्टॉरंटं आणि त्यांचे स्टार आठवतात. पण आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे भाऊ टायर बनवायचे, फ्रान्समधल्या क्लेरमों-फेराँ गावात. १९०० साली त्यांनी एक छोटं पुस्तक छापून फुकट वाटलं, ३५,००० प्रती. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी होत्या तीन हजारांच्या आत. म्हणजे मोटारीमागे दहा-बारा पुस्तकं! हिशोब वेडा वाटतो, पण भाऊ हुशार होते. मोटारवाला घरी का बसतो? त्याला गाडीची भीती नाही, अंधार पडल्यावर कुठे अडकू याची भीती आहे. ती घालवली की तो बाहेर पडेल, टायर झिजतील, आणि टायर आपण विकतोच. म्हणून पुस्तकात काय, तर टायर कसा बदलायचा, कुठल्या गावात इंधन मिळेल, दुरुस्तीवाला कुठे, डॉक्टर कुठे, आणि झोपायला हॉटेल कुठलं.

मग १९१० पासून त्यांनी मोटारवाल्यांसाठी रस्त्यांचे नकाशे काढायला घेतले. त्याआधी १९०८ मध्ये पॅरिसला एक कचेरीच उघडली होती. तुम्ही कुठून कुठे जाणार ते कळवायचं, तिथली माणसं बसून तुमच्यासाठी मार्ग लिहून देणार. फुकट. म्हणजे आपण फोनला विचारतो ते काम तेव्हा कारकून करत होते, हाताने. तिथे बसून दुसऱ्यांचे प्रवास लिहिणारा एखादा कारकून स्वतः कधी पॅरिसबाहेर गेला असेल का, असा विचार माझ्या मनात उगाच येतो.

स्टार १९२६ मध्ये आले. पुढे ठरलेला त्यांचा अर्थ मुळातून वाचा, त्यात चवीपेक्षा रस्ता जास्त आहे. दोन स्टार म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण. तीन स्टार म्हणजे त्याच्यासाठीच मुद्दाम प्रवास करावा असं. आजही अर्थ तेच आहेत. आणि या पुस्तकाचा सगळ्यात अजब वापर १९४४ चा. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरायच्या होत्या. फ्रान्समधल्या रस्त्यांवरच्या पाट्या जागेवर असतील याची खात्री नव्हती. मिशेलिनच्या १९३९ च्या गाइडमध्ये गावागावांचे बारीक नकाशे होते. अमेरिकी सैन्याने त्याच गाइडची आवृत्ती छापून अधिकाऱ्यांना दिली. हॉटेलांच्या यादीसकट!

युद्ध संपल्यावर १९५० मध्ये जिनिव्हात पाच देशांनी मोठ्या आंतरराष्ट्रीय रस्त्यांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'ई' आणि पुढे नंबर, ही पद्धत तिथून सुरू झाली. आजच्या पद्धतीत विषम नंबर उत्तर-दक्षिण, सम नंबर पूर्व-पश्चिम. आमचा रस्ता होता ई ३५: ॲमस्टरडॅम, कोलोन, फ्रँकफर्ट, बाझल, ल्युसर्न, मिलान, फ्लॉरेन्स, रोम. एकच नंबर, तीन वेगळ्या भाषा ऐकू येतात आणि खाणं दर दोनशे किलोमीटरला बदलतं.

आता माझा विषय. १९५६, ॲमस्टरडॅम. तिथल्या गणित केंद्रात आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार झाला होता आणि उद्घाटनाला त्याच्याकडून काहीतरी करून दाखवायचं होतं. पण येणारे पाहुणे गणितवाले नव्हते. त्यांना कळेल असा प्रश्न हवा. एट्सखर डाइक्स्ट्रा हा तिशीच्या आतला प्रोग्रॅमर एके दिवशी आपल्या वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेच्या गच्चीवर कॉफी प्यायला बसले. प्रश्न होता की रोटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कुठला? त्याने वीस मिनिटांत उत्तर काढलं, कागद-पेन्सिल न घेता. उद्घाटनासाठी नेदरलँड्सचा सोपा केलेला नकाशा घेतला, त्यात ६४ शहरं. ६४ च का? कारण सहा बिटमध्ये तेवढेच नंबर बसतात. हा निबंध १९५९ मध्ये छापून आला, पानं तीन.

अल्गोरिदम साधा आहे. निघायच्या गावापासून जवळचं गाव घ्या, त्याचं अंतर पक्कं करा. मग तिथून पुढची गावं किती लांब पडतात ते लिहा. जे काही अजून पक्कं नाही त्यातलं सगळ्यात जवळचं उचला, ते पक्कं करा. असं करत करत ठरलेल्या गावापर्यंत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हे परीक्षेत लिहिलं होतं, कॉफीची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तुमच्या फोनमधला नकाशा आजही याच घराण्यातला आहे. त्याला वेगवान करणाऱ्या मोठ्या युक्त्यांपैकी एक २००८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे विद्यापीठात निघाली. गंमत म्हणजे ई ३५ कार्ल्सरूहेवरूनच जातो, आणि बेर्टाबाईंचं मानहाइमही तिथून जवळच. आम्ही दोन्हींच्या पाट्या एकाच दुपारी ओलांडल्या. (डाइक्स्ट्राची अजून एक गोष्ट: १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्याने व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला. शेवटी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून लिहावं लागलं. आमच्या नातेवाइकांना मी काय काम करतो ते अजून कळलेलं नाही, तेव्हा मला हे पटलं.)

पण डाइक्स्ट्राचा प्रश्न दोन गावांमधल्या रस्त्याचा आहे. त्यात रात्र होत नाही. माणसाला झोप येत नाही, चहा लागत नाही. फिरतीच्या लोकांना खरा छळणारा प्रश्न वेगळा असतो. १८३२ मध्ये जर्मनीत फिरत्या विक्रेत्यांसाठी एक पुस्तिका निघाली, लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, जुना विक्रेता एवढंच म्हटलंय. तो सांगतो की गावं नीट क्रमाने लावली तर वेळ फार वाचतो, आणि जर्मनी-स्वित्झर्लंडमधले फेरे नमुन्याला देतो, त्यातला एक ४७ गावांचा. शंभर-सव्वाशे वर्षांनी गणितवाल्यांनी याच प्रश्नाला 'ट्रॅव्हलिंग सेल्समन' असं नाव दिलं. डाइक्स्ट्राच्या प्रश्नाला जलद उत्तर आहे. याला प्रत्येक वेळी हमखास जलद उत्तर देणारी रीत अजून कोणाला सापडलेली नाही. गावं वाढली की पर्याय इतके वाढतात की संगणकही दमतो. आणि मुळात आई दुसऱ्या दिवशी चर्च बघून कंटाळणार आहे का, हे त्यात कुठल्या रकान्यात भरायचं?

माझ्या शीटमधली चूक नेमकी हीच होती. कोलोनहून ल्युसर्न, एका दिवसात, सहाशेच्या आसपास किलोमीटर. नकाशा साडेसहा तास म्हणत होता. बाबा म्हणाले, "ह्यात तुझ्या आईचा चहा धरलाय का? लघवीला थांबायचं? दुपारची डुलकी?" मी म्हटलं, हायवे एक नंबर आहे बाबा, जर्मनीत कारला टोलही नाही. ते म्हणाले, "रस्ता चांगला असला की ड्रायव्हर जास्त झोपतो." युरोपात बस आणि ट्रकच्या चालकांना कायद्याने साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावंच लागतं, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा कुठे त्यांना माझ्या अभ्यासात काहीतरी दम दिसला. मग शीट बसून दोघांनी नव्याने केली. फ्रायबुर्गला एक रात्र वाढली. आणि ल्युसर्न ते फ्लॉरेन्स हा दिवसही तुटला, मध्ये एक रात्र घातली, फिदेन्झा नावाच्या गावात. का तिथे? हायवेपासून जवळ, खोली स्वस्त, गाडी लावायला जागा. बास.

नवीन प्लॅनमध्ये ॲमस्टरडॅमची एक रात्र गेली आणि कोलोनचं म्युझियम गेलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

स्वित्झर्लंडच्या सीमेवर बाबा टोलनाका शोधत होते. तिथे नाकाच नाही, हायवेसाठी वर्षाचा पास घ्यायचा, ४० फ्रँक, १९८५ पासून ही पद्धत. त्याच वर्षी जूनमध्ये मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी शेंगेन करारावर सह्या केल्या. माणसांच्या तपासण्या गेल्या. भाड्याच्या गाडीला मात्र सीमा अजून कळतात: एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची तर जादा पैसे मोजायचे. आम्ही मोजले. ती रक्कम मी आईला अजून सांगितलेली नाही.

ल्युसर्नहून पुढे गोटहार्टचा बोगदा लागतो, १९८० चा, जवळजवळ १७ किलोमीटर. नकाशा तोच दाखवत होता. बाबा म्हणाले, घाट असताना बोगद्यातून कशाला? मग वरून गेलो, २,१०० मीटर उंचीवर. पलीकडच्या उतारावर ट्रेमोला नावाचा जुना फरसबंदी रस्ता आहे, चोवीस वळणं. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून घाम पुसत होतो आणि शेजारी बाबा हात मांडीवर ठेवून शांत. एकदाच बोलले, "कुंभार्लीपेक्षा सोपाय. पावसात बघायला पाहिजे."

संध्याकाळी फिदेन्झा. हातपाय मोकळे करायला म्हणून गावात गेलो. चौकात जुनं कॅथेड्रल, दर्शनी भिंतीवर दगडी माणसं कोरलेली. त्यातल्या एका संताच्या मूर्तीबरोबर लॅटिन अक्षरं होती. तिथली पाटी वाचली तेव्हा कळलं: रोमला जायची वाट हीच, असं तो संत सांगतोय. आठशे वर्षांपासूनची रस्त्याची पाटी! आणि बाजूला व्हिया फ्रांचिजेनाचा फलक. रात्री खोलीवर पडल्या पडल्या फोनवर शोधलं, तेव्हा सिगेरिकचं नाव मला पहिल्यांदा दिसलं. त्याच्या यादीत ३६ व्या नंबरवर हेच गाव आहे. आम्ही पार्किंग बघून निवडलेलं. अंतर माणसाने ठरवलं की मुक्काम पुन्हा त्याच गावात येऊन पडतो की काय कोण जाणे. बाबांना सांगायला वळलो तर ते घोरत होते.

पुढचं थोडक्यात. इटलीतल्या एका जुन्या शहरात हॉटेल शोधता शोधता मी गाडी अशा गल्लीत घातली जिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिथे कॅमेरे असतात, पोलीस दिसत नाही. हॉटेलवाल्याला गाडीचा नंबर आधी कळवला असता तर त्याने नोंद केली असती. मी कळवला नाही, कारण माझ्या शीटमध्ये तो रकाना नव्हता. चार महिन्यांनी दंडाचा कागद आला, वर गाडीवाल्यांनी आपलं शुल्क वेगळं लावलं.

बाबांची एक लाल कव्हरची वही आहे, ड्युटीच्या काळापासूनची सवय. ट्रिपवर ते रोज रात्री तीत एकच ओळ लिहायचे. परवा कराडला गेलो तेव्हा बघायला मागितली. कोलोन, २६८. फ्रायबुर्ग, ४३५. ल्युसर्न, १७०. फिदेन्झा, ३७६ (घाटावरून). अशा ओळी. ना कॅथेड्रल, ना सरोवर, ना गोटहार्टवर काढलेल्या फोटोंचा उल्लेख. रोमच्या ओळीखाली तारीख टाकून शेवटची एक नोंद होती, अक्षर जरा घाईचं, पेन वेगळं: "दंड आला. पोराने नंबर कळवला नव्हता."